ताऊजींचं गोडं पाणी

८ सप्टेंबर

आज मृणालला फोनवर म्हणालो, ऑफिसात आहे, आणि नेमकी तेव्हाच मागे म्हैस ओरडली.

"हे काय?"

"अगं, कुणाचीतरी रिंगटोन. हल्लीची पोरं काहीही ठेवतात."

ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि इशिताच्या शाळेतलं काहीतरी सांगायला लागली.

संध्याकाळी घरी येताना स्टेशनरीच्या दुकानातून ही डायरी घेतली. वर्ष संपत आलं म्हणून स्वस्तात मिळाली. कुठेतरी खरं बोललं पाहिजे, आणि तेही मराठीत. दिवसभर "हाँ जी, बिल्कुल जी" करून तोंडाला दुसरीच चव येते.

तर खरं असं. जुलैमध्ये कंपनीने आमची अर्धी टीम काढली, त्यात मी. एचआरची मुलगी व्हिडिओ कॉलवर "ऑल द बेस्ट" म्हणाली आणि तिच्याकडचा कॅमेरा बंद झाला. मृणाल आणि इशिता गेल्या हिवाळ्यातच पुण्याला गेल्या होत्या. इशिताचा दमा इथल्या हवेत आवरेना, डॉक्टरांनीच सांगितलं, हिला इथून हलवा. त्या माझ्या सासऱ्यांच्या घरी राहतात आणि मी नोएडाच्या फ्लॅटमध्ये, नोकरीसाठी. आता नोकरी नाही, पण मी आहेच. दुसरी मिळाली की दोन्ही बातम्या एकदम सांगेन असं ठरवलं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी मुलाखतीला बोलावतात, चहा देतात, मग कळवतो म्हणतात.

११ सप्टेंबर

क्रेफिशबद्दल लिहिलं नाही. शेवंडीची गोड्या पाण्यातली धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. निळसर कवच, पुढे दोन दणकट नांग्या. आपल्याकडच्या नद्यांतला हा प्राणी नव्हे, शोभेच्या माशांच्या दुकानातून येतो. माझ्याकडे फ्लॅटमध्ये दोन होते, छंद म्हणून. नोकरी गेल्यावर डोक्यात आलं, हेच वाढवून विकले तर? दुकानदार म्हणाला, जितके द्याल तितके घेतो.

हिंडन नदीच्या पलीकडे एका गावात जागा मिळाली. मालक जगबीर सिंह, वय सत्तरीच्या आसपास. सगळे त्यांना ताऊजी म्हणतात, मीही म्हणतो. घराशेजारी गुरांचा जुना गोठा आहे, त्यात मी सिमेंटचे चार हौद बांधून घेतले. मागे पत्र्याची शेड आहे, तीही ताऊजींचीच. ती त्यांनी पावसाळ्यात एका पॉलिशवाल्याला भाड्याने दिली. बाथरूमच्या नळांना चकाकी चढवायचं काम चालतं तिथे.

पाणी अंगणातल्या हँडपंपाचं. पहिल्या दिवशी ताऊजींनी स्वतः पंप हापसून मला पेला भरून दिला. "पी के देख. पूरे गाँव में ऐसा मीठा पानी नहीं. मेरे बाप ने लगवाया था."

खरंच गोड होतं.

१७ सप्टेंबर

आज एकाला कात टाकताना पाहिलं. आधी कुशीवर पडला, मला वाटलं मेला. मग पाठीवर, धड आणि शेपटी जोडतात तिथे, कवच उकललं आणि तो त्यातून स्वतःला मागे ओढत बाहेर आला. नांग्या सोडवायला फार कष्ट पडले. बाहेर आला तो मऊ आणि फिकट. मग पाइपच्या तुकड्यात शिरून बसला. आता नवं कवच टणक होईपर्यंत तो कुणाच्या वाटेला जाणार नाही. उघड्यावर आला तर बाकीचेच खातील.

दुपारी मृणालचा फोन आला. मागे खूप गलका होता, कुणाला तरी नावाने पुकारत होते. "कुठे आहेस?" विचारलं. "बाहेर आलेय जरा." मग एकदम म्हणाली, "कंपनीचं ते मेडिकल कार्ड चालू आहे ना रे?"

"हो तर. का?"

"नाही, सहज."

मग काहीच बोलेना. रेंज गेली असेल म्हणून हॅलो हॅलो केलं, तर म्हणाली, "आहे मी. ठेवते."

२८ सप्टेंबर

हातांना फार खाज सुटते. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटली आहे. हवा कोरडी होत चालली, दुसरं काय. ताऊजींची सून शिवांगी म्हणाली, तिचेही हात असेच झालेत, भांड्यांच्या साबणाने. तिला सहावा महिना आहे. नवरा सुरतला गाडी चालवतो. ती दिवसातून दोनदा चहा करून आणते आणि हौदांपाशी थोडा वेळ थांबते. "भैया, ये एक-दूसरे को पहचानते हैं?" मी म्हटलं, वासावरून ओळखतात. तिने नाक मुरडलं. "मुझे तो आजकल हर चीज़ की बास आती है. चाय की भी. लोहे जैसी."

दिवस गेले की असं होतं, असं ताऊजी म्हणाले.

तिथल्या खाटेवर बसून चहा प्यायचा, ताऊजींच्या म्हशीच्या, कोर्टकचेऱ्यांच्या गोष्टी ऐकायच्या, यासाठी मी हल्ली कामाच्या आधीच जाऊन पोचतो. फ्लॅटमध्ये परत आलो की लिफ्टमधल्या आरशातल्या माणसाशीच काय ती गाठ.

३ ऑक्टोबर

मादीने अंडी धरली! शेपटीखाली काळसर मोत्यांचा घोसच. शेपटी मुडपून त्यांना जपत बसली आहे. मधूनच पायांनी त्यांच्यावरून पाणी फिरवते. मी तासभर तिथेच उकिडवा बसलो.

मृणालला सांगायला फोन उचलला आणि ठेवला. काय सांगणार, ऑफिसात अंडी दिली म्हणून?

संध्याकाळी तीच बोलली. घरी मुलांचे गणिताचे वर्ग सुरू केलेत म्हणे. मी म्हटलं, वा, वेळ चांगला जाईल तुझा. ती म्हणाली, "हो. वेळ जातो." मग म्हणाली, "उन्हात फार उभा राहू नकोस."

एसीत बसणाऱ्या माणसाला हे काय सांगणं! बायकांची काळजी अशीच असते.

९ ऑक्टोबर

एक मेला. कात टाकताना अडकला. कवच उकललेलं, अर्धा बाहेर, एक नांगी तशीच आत. होतं असं कधीकधी.

१३ ऑक्टोबर

कधीकधी नाही, रोज होतंय. काही कात टाकताना जातात, काही नुसतेच. हौदावर वाकलं की पूर्वी नांग्या उगारून अंगावर यायचे, आता बोट लावलं तरी हलत नाहीत. मटार टाकले तर शेजारी पडलेला मटार त्यांना सापडत नाही. एक मेलेला उघडून पाहिला, कल्ले काळे पडलेले.

पाणी सुधारेल म्हणून चुनखडी घातली, बदामाची पानं घातली, हवेचे पंप बदलले. रोज अर्धं पाणी काढून हँडपंपाचं ताजं भरतोय. जितकं बदलतो तितकं बिघडत जातं.

२० ऑक्टोबर

दिवाळी. पुण्याला गेलो नाही. क्लायंटचं रिलीज आहे असं सांगितलं. तिथे गेलो असतो तर सासरे पहिल्या चहालाच विचारणार, "काय म्हणते कंपनी?" मृणालने एकदाही आग्रह केला नाही. त्याचं जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इशिता म्हणाली, "बाबा, मी किल्ला केलाय, पण मावळे आजोबांनी उलटे ठेवलेत." व्हिडिओत तिचा चेहरा उतरल्यासारखा वाटला. मृणाल म्हणाली, जागरण झालंय.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या, ओळखीच्या पद्माकरकाकांचा सकाळीच फोन आला होता, फराळाला ये म्हणून. तिथे पंधरा मराठी माणसं जमणार आणि पंधराही जण विचारणार, सध्या कुठे? तब्येत बरी नाही म्हणालो. बाहेर फटाक्यांचा धूर इतका की समोरची इमारत दिसत नव्हती. शिवांगीने काल दिलेले शंकरपाळे होते, तिथे त्यांना शक्करपारे म्हणतात. तेवढे खाल्ले.

२३ ऑक्टोबर

आज डोकं चालवलं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधत होतो, स्वतःची शोधताना मात्र देवाला हात जोडत बसलो. सगळं एकदम बदलायचं नाही, एकच गोष्ट बदलायची.

दोन हौद पूर्ण रिकामे केले. नोएडाच्या फ्लॅटमधून गाडीत कॅन भरभरून पाणी आणलं, दिवसभर खेपा केल्या. उरलेले दोन हौद हँडपंपाच्याच पाण्यावर. खाणं तेच, पंप तेच. अंडीवाली मादी मात्र हलवली नाही, धक्क्याने अंडी टाकेल या भीतीने.

ताऊजी खाटेवरून बघत होते. "अपने घर का पानी मेरे घर ला रहा है? लोग उल्टा करते हैं."

१ नोव्हेंबर

नोएडाच्या पाण्यातले जगलेत. आज एकाने नांगी उगारली, मला इतका आनंद झाला की मोठ्याने "शाब्बास" म्हणालो. हँडपंपाच्या हौदांत मादी सोडून दोघंच उरलेत.

मग शेडच्या मागे गेलो. आजवर तिकडे जायचं कारण नव्हतं. एक जुनी बंद बोअर आहे, तोंडावर पोतं टाकलेलं. शेडमधून आलेला जाड पाइप त्या पोत्याखाली शिरत होता. पोतं उचललं. आत पिवळं पाणी धो धो पडत होतं, हळदीचं पाणी असावं तसं. हँडपंप तिथून हाकेच्या अंतरावर.

५ नोव्हेंबर

गाझियाबादच्या एका लॅबमध्ये पाणी देऊन आलो होतो. आज तिथल्या माणसाचा फोन आला. क्रोमियम, निकेल अशी नावं सांगत गेला. मग थांबला आणि म्हणाला, "सर, ये पानी कोई पीता तो नहीं है?"

मी म्हटलं, "नहीं."

का म्हटलं कोण जाणे. जीभच तशी वळली.

६ नोव्हेंबर

गेलो. चहा आला. घोटभर घेऊन उरलेला गुपचूप मातीत ओतला. ताऊजी बाबरपूरच्या कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगत होते. मी हसलो. काही बोललो नाही.

खरं कारण लिहितो. सांगितलं की शेडचं भाडं जाणार, भाडं गेलं की मी नकोसा होणार. दिल्लीत मला बसायला ती एक खाट आहे.

९ नोव्हेंबर

अंडी गेली. घोस नारिंगी पडला होता, त्यावर कापसासारखी बुरशी. मादीला कळलेलं नाही. ती अजून शेपटी मुडपून, पायांनी पाणी फिरवत बसली आहे.

मी तिच्याकडे बघत होतो आणि मागून हँडपंपाचा आवाज आला. शिवांगी कळशी भरत होती, एक हात कमरेवर ठेवून.

तसाच ताऊजींसमोर जाऊन उभा राहिलो. "ताऊजी, पंप का पानी अब पीने लायक़ नहीं है. पॉलिशवाला पुरानी बोर में तेज़ाब का पानी डाल रहा है. मैंने जाँच कराई है."

ते हसले. "तेरे झींगे मर गए तो मेरा पानी ख़राब?"

"झींगे छोड़िए. घर में बहू है. कम से कम उसको तो सच बताइए."

त्यांनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. "सच? तू सिखाएगा मुझे सच? रोज़ मेरी खाट पे बैठ के अपनी घरवाली से कहता है, दफ़्तर में हूँ. मराठी ना आवे मुझे, पर दफ़्तर और मीटिंग तो समझ में आवे है. मैं कुछ बोला कभी?"

कान तापले होते. तेवढ्यात दारातून शिवांगी म्हणाली, "कौन सा पानी, भैया?"

ताऊजी म्हणाले, "तू अंदर जा."

ती गेली नाही. मग मी तिला सगळं सांगितलं: पाइप, पिवळं पाणी, लॅब, तिचे हात, माझे हात. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी फक्त एवढंच म्हणाली, "आपको कब से पता है?"

"चार-पाच दिन से."

तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. कळशी तिथेच अंगणात ओतली आणि आत गेली.

ताऊजी म्हणाले, "अपना सामान उठा ले. जितनी जल्दी हो सके."

१० नोव्हेंबर

शिवांगी माहेरी, बुलंदशहरला गेली. तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. गावातल्या किराणावाल्याने सांगितलं. माझ्याकडे बघण्याची त्याचीही तऱ्हा बदललीये.

१२ नोव्हेंबर

मृणालला सांगितलं. सकाळी, दात घासल्याबरोबर, चहाच्याही आधी. नाहीतर सांगितलं नसतं.

"मृणाल, माझी नोकरी जुलैतच गेली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून. इशिताला इमर्जन्सीत नेलं होतं, श्वास घेता येत नव्हता तिला. काउंटरवर कार्ड दिलं तर म्हणाले, पॉलिसी बंद झालीये. तुला तिथूनच फोन केला होता."

"तिला ॲडमिट केलं होतं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू ऑफिसात होतास ना."

मग म्हणाली, "मी वाट बघत होते अंशुमन. रोज. आज सांगशील, उद्या सांगशील. दिवाळीत तर वाटलं, दारात उभाच राहशील. नोकरीचं मला काहीच नाही रे. वर्ग घेतेय मी, भागतंय आमचं. पण तू मला एकटीला ठेवलंस तिथे, त्या काउंटरपाशी."

"मी येऊ का?"

मागे कुकरची शिट्टी झाली.

"मला थोडे दिवस दे," म्हणाली.

२१ नोव्हेंबर

हौद रिकामे केले. जगलेले क्रेफिश दुकानदाराला देऊन टाकले, वाढवायला, विकायला नाही. हिंडनमध्ये सोडा की, असं टेम्पोवाला म्हणत होता. तो इथला जीव नाही, एकदा सोडला की इथल्यांनाच खाईल. आणि हिंडनची अवस्था बघता तो तरी काय जगणार म्हणा.

त्या मादीला वेगळ्या डब्यात ठेवलं होतं. सकाळी मेलेली होती.

ताऊजी घरातून बाहेर आले नाहीत. खाट आत नेलेली. हात धुवायला पंपापाशी गेलो तर हँडलच काढून ठेवलेलं, नुसता खांब उभा, त्याला चिंधी गुंडाळलेली. म्हणजे मला हात धुवायलाही पाणी मिळू नये! इतका राग. शेडमधून मात्र आवाज येत नव्हता, रविवार नसूनही. कुलूप होतं.

टेम्पो निघताना खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला. हात करावा की नाही हे ठरेपर्यंत वळण आलं.

२९ नोव्हेंबर

मृणालचा काहीच मेसेज नाही. इशिताने मात्र आईच्या फोनवरून एक फोटो पाठवला, नवीन इनहेलरचा. त्यावर तिने मांजराचं स्टिकर लावलंय. मी लिहिलं, "छान आहे." मग लिहिलं, "बाबाला सांगायचं राहिलं होतं, तू आजारी होतीस ते." तिने लिहिलं, "आई म्हणाली तू बिझी आहेस." पुढे हसरा चेहरा.

हातांची खाज गेली. कातडी भरून येतेय.

४ डिसेंबर

फ्लॅट सोडून पुण्याला येतोय, एवढंच मृणालला कळवलं होतं. काल तिचा एक ओळीचा मेसेज आला. "गाडी कोणती आहे ते कळव, इशिता घ्यायला यायचं म्हणतेय." स्वतःबद्दल काही नाही. मी पाच-सहा वेळा वाचला. इशिता एकटी तर येऊ शकत नाही.

उद्याची गाडी आहे. फ्लॅट रिकामा झाला. घरमालक भिंतीवरचे खिळे मोजून गेला.

दुपारी सामान बांधत असताना फोन वाजला. ताऊजी. मी उचलला आणि दोघंही गप्प. म्हैस ओरडली, तेव्हा कळलं की लाइन चालू आहे.

"निकाल दिया उसको," ते म्हणाले. "पॉलिशवाले को. बोर में मिट्टी भरवा दी."

"अच्छा किया, ताऊजी."

"क्या अच्छा किया. पानी तो गया. मेरे बाप का पानी था. टैंकर आवे है अब." मग थोड्या वेळाने, "हैंडल तो मैंने उसी हफ़्ते उतार लिया था. बच्चे आ के पी जाते थे."

मी हातातली सुतळी खाली ठेवली.

"बहू आई?" मी विचारलं.

"ना. कहती है पहले बच्चे की जाँच होगी, सब ठीक निकला तब सोचूँगी. फ़ोन पे बात नहीं करती मुझसे. भाई से कहलवाती है." खोकला. "ठीक ही करती है."

"हाँ."

"और तू? बताया घर में?"

"बताया."

"मारा?"

"नहीं. मारती तो अच्छा था."

ते हसले, की खोकले, कळलं नाही. मी म्हटलं, उद्या निघतोय, कायमचा. ते "अच्छा" म्हणाले. पुन्हा म्हणाले, "अच्छा." त्यांच्या अंगणात कुणीच नसावं, इतकं शांत होतं तिकडे. इकडे माझ्या रिकाम्या खोलीत माझाच आवाज घुमत होता.

"पहुँच के फ़ोन करियो," ताऊजी म्हणाले.

इतक्या वर्षांत दिल्लीत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी "हाँ" म्हणालो. मग फोन आधी कुणी ठेवायचा हे आम्हा दोघांनाही कळेना.